घराचा हात

१९ नोव्हेंबर १९९१

गुणाच्या बाबांना,

खुशाली विचारत न्हाई. आपल्या वाड्यातला भिकाजी कॅसलरॉकवरनं आला व्हता, त्यानं सगळं सांगितलं. वास्कोला लाकडाच्या वखारीत कामाला लागलात, अंगानं बरं चाललंय आन् मिशी काढलीत. मिशी कशापायी काढलीत वो? कोण वळखंल म्हणून? हितनं तुमाला शोधायला येणार कोण? मला तर वाड्याबाहेर पाय टाकायची सोय न्हाई.

काल तुळशीचं लगीन झालं आन् आज सकाळी व्हाळाचं पाणी बांध घालून पाटात तोडलं. दरसालप्रमाणं सगळा वाडा वर गेला. बाप्यांनी धोंडे गोळा केले, आमी बायकांनी माती आन् पाला आणला. बांध घालायची तयारी झाली आन् सगळे थांबले. पहिला धोंडा आपल्या घराचा, तुमच्या पणज्यापासनं चालत आलंय. आपल्या घराचा हात लागल्याबिगर पाणी पाटात जायचं न्हाई. आन् घराचा हात बसलाय वास्कोला मिशी काढून!

धाकलू बुदवंत नारळ धरून हुबा. आख्ख्या वाड्याचा म्होरक्या तो, पण नारळ ह्या हातातनं त्या हातात करत ऱ्हायला. शेवटी मला म्हणाला, "नागूचा काय सांगावा?"

मी म्हटलं, "खुशाल हाय. कार्ड येतंय की म्हयन्याला."

कार्ड! शिगमा झाल्यावर एका सकाळी मी उठले तर तुमचं अंथरूण गार, तवापासनं तुमच्याकडनं एक ओळ आली न्हाई. तरी खोटं बोलले, सगळ्यांच्या म्होरं, नारळाच्या साक्षीनं.

"मग तुझा हात चालंल," बुदवंत म्हणाला. "नवरा जिवंत हाय तवर बायकोचा हात तो घराचाच हात."

ठेवला मी धोंडा. माझा राग त्या धोंड्यावर न्हाई. वर्साला एक धोंडा, नारळ, गूळ-खोबरं, त्यात काय जातं? मला खाल्लंय ते त्या फळीनं, आन् ती फळी गळ्यात घेताना मान तुमीच डोलावलीत. आठवतंय का? दोन वर्सांमागं तो धारवाडचा वासू इंजिनेर आला. डोंगरावरनं धरणाच्या मोठ्या वायरी चालल्या हायत, टावरच्या सावलीत आपली गुरं बसतात, आन् आपल्या घरात घासलेटची चिमणी. तो म्हणाला, तुमच्या व्हाळाला वर्सभर पाणी हाय, उतार हाय, आपण हितंच वीज करू. पायप घातला, त्याच्या तोंडाशी फळी बसवली, खाली चक्री. दिवसा फळी खाली, पाणी पाटातनं बागायतीला. सांजंला फळी वर, पाणी पायपातनं चक्रीला, आन् घरोघरी दिवा. पाणी काय जळत न्हाई, चक्री फिरवून खालच्या शेतात जातंच. ना धूर ना वास. सोन्यासारखं काम केलं त्या माणसानं.

आन् मग आपले शाणे देवळाम्होरच्या मांडावर बसले. पाणी रोज सांजंला तोडायचं, रोज सकाळी तोडायचं. म्हंजे रोजचं पाणी नवं. नव्या पाण्याला पहिला हात नागूच्या घराचा. वासू इंजिनेर हसला, म्हणाला, ही नुसती फळी हाय, कोण पण उचलंल. कोण ऐकतंय? तुमाला तर छाती फुगवायला झालं. रोजचा मान! वर्साचा मान रोजचा केलात आन् तो पेलंना तवा माझ्या डोक्यावर ठेवून पसार झालात.

तवा आता सांगा. तुमी जिवंत हायसा म्हणून मी अडकलेय. तुमचं काय वाईट झालं तरी सुटका न्हाई, तवा ते पोरीच्या गळ्यात जाईल. निदान एक कार्ड टाका, माझं खोटं तरी खरं व्हईल.

केशर


१६ जानेवारी १९९२

गुणाच्या बाबांना,

हे पत्र गुणा लिहितेय, मी सांगतेय. तिचं अक्षर चांगलं हाय, दहावी पास झालेली पोर, सराव ऱ्हावा म्हणून तिला लिहायला लावलं. दुसरं काय कारण न्हाई.

थंडी लई पडलीय. सुपारी बरी हाय. व्हाळाला पाणी हाय. वरच्या देवराईतलं झाड कोण तोडत न्हाई, म्हणून झरा अजून जित्ता हाय, न्हाईतर खालच्या गावात आताच विहिरीत चिखल निघायला लागलाय आसं म्हणतात. दिवे रोज येळेवर लागतात. कुणाची काय तक्रार न्हाई.

इंदुबाईला मुलगा झाला. आडला व्हता. बल्बच्या उजेडात सुईणीला दिसलं की नाळ गळ्याला गुंडाळलीय, तिनं बोटानं सोडवली. चिमणीच्या उजेडात कुणाला दिसलं आसतं? मी तितंच व्हते, इंदुबाईचं डोकं मांडीवर घेऊन. त्या पोराचं रडू ऐकलं आन् वरच्या बल्बकडं बघितलं, आन् खरं सांगते, तुमची आठवण झाली. पायपाचं खांद्यावर वझं घेऊन चढ चढला व्हता तुमी. ते काम चांगलं केलंत. ते मी नाकारत न्हाई.

भिकाजीकडनं निरोप पाठवलात, "धीर धर" म्हणून. बरं. धरते. आजून काय धरू ते पण सांगा.

केशर

बाबा, हे मी आईला न सांगता लिहिते आहे. आईचा उजवा हात मनगटात मोडला आहे. पौष लागला त्या दिवशी फळीजवळ शेवाळावरून घसरली. जोयड्याच्या दवाखान्यात चल म्हणून मी रडले, पण ती येत नाही. दवाखान्यात जाऊन परत यायला रात्र होते, आणि संध्याकाळी फळी कोण उचलणार, असं म्हणते. हात पदराखाली लपवते. लोकांना सांगते मुरगळला आहे. बाबा, मोडलेल्या हाताने फळी कशी उचलली जाते ते मला कळत नाही. विचारलं तर म्हणते, तू अभ्यास कर. तुम्ही या. गुणा.


२० फेब्रुवारी १९९२

गुणाच्या बाबांना,

पोरीनं चहाडी केली तर! तरीच भिकाजीच्या हाती तेलाची बाटली आली आन् "शिगम्याला नक्की येतो" हा निरोप. बाटली मिळाली. तेल चांगलं हाय, म्हशीला लावलं तरी वास छान येईल. माझं हाड जुळून गेलंय, आन् वाकडं जुळलंय. आता त्याला तेल काय करणार?

बघा, मी डाव्या हातानं लिहितेय. वाकडंतिकडं वाचा. गुणाला सांगून लिहिता येण्यासारखं हे न्हाई. तुमच्या गळ्याची आण हाय, हे कुणाकडं बोलायचं न्हाई. भिकाजीकडं तर न्हाईच, त्याच्या पोटात पाणी ठरत न्हाई.

मी पडले ती सकाळी. फळी कशीबशी पायानं दाबून खाली सारली. पण सांजंला उचलायची कशी? एका हातानं हालंना. ओली, फुगलेली सागवानी फळी ती. मी दगडावर बसून ढसाढसा रडले. हात दुखत व्हता म्हणून न्हाई वो. खाली इंदुबाई दिवस भरलेली, तिचं दार उघडं दिसत व्हतं, आन् सगळा वाडा माझ्या हाताची वाट बघत बसलेला. मला वाटलं आपण माणूस न्हाईच, आपण त्या पाटाचं एक लाकूड हाय.

तितक्यात बायजा म्हशी घेऊन आली. वरच्या माळावरची गवळीण, नवरा मेल्यापासनं एकटीच ऱ्हाते ती. माझा हात बघितला. करवंदीच्या काटक्या तोडल्या, स्वोताच्या लुगड्याचा पदर फाडला आन् म्हशीचा मोडका पाय बांधतात तसा हात बांधला. मग विचारलं, "आता रडतीस कशाला गं?"

"फळी."

"कंची, ही?" म्हणाली आन् उचलली. आपल्या बापाची असल्यागत. एका दमात!

मी डोळे गच्च मिटले. वाटलं आता व्हाळ आटतोय, न्हाईतर पायप फुटतोय. डोळे उघडले तर खाली वाड्यात दिवे लागलेले. रोजच्यासारखे. इंदुबाईच्या दारात बी लागला.

तवापासनं बायजाच उचलते. मी सांजंला सगळ्यांना दिसंल आशी घागर घेऊन वर जाते, जांभळीखाली बसते, ती म्हशी घेऊन येते, फळी उचलते, जाते. सकाळी तसंच. मला वर जाताना लोकांनी बघायलाच पायजे, म्हणून दवाखान्याला जाता आलं न्हाई. फळीसाठी हात गेला, आन् फळीमुळंच तो धड जुळला न्हाई. हसा आता.

तिला मी म्हटलं, "बायजाक्का, तुला काय देऊ?" तर म्हणाली, "माझ्या झोपडीत एक बल्ब दे." वायर आपल्या शेवटच्या घरापाशी सपते, माळावर जात न्हाई. जिच्या हातानं सगळ्यांच्या घरात उजेड पडतो तिच्या घरात अंधार. आन् कळलं तर लोक तिच्या म्हशींना व्हाळावर पाणी पाजू द्यायचे न्हाईत, हे ती जाणून हाय. तरी येते. "मला काय ठावं मी एवढं मोठं काम करते म्हणून," म्हणते. "मला वाटलं फळी उचलते."

पण माझी झाकली मूठ आता उघडायला लागलीय. बाया बघतात, मला कळशी कमरेवर घेता येत न्हाई. परवा बुदवंत दारात येऊन बसला. पाणी घेतलं, सुपारी घेतली. मग म्हणाला, "केशर, घराचा हात थकायला लागला. नागू काय येत न्हाई. गुणाला बाहेर दिलीस तर घर बुडालं आन् पाणी पण. माझा पुतण्या विठ्ठल हाय, त्याला घरजावई करून घे. तो तुझ्या घरात आला म्हंजे त्याचा हात तो घराचा हात."

मी म्हटलं, "पोर बेळगावला नर्सिंगला जाणार हाय."

"मग दिवे कोण लावणार?" एवढंच विचारलं. आवाज चढवला न्हाई, धमकी दिली न्हाई. तेच तर वाईट. त्याला खरंच वाटतं वो.

खरं बोलले तर बायजा मरते, न बोलले तर गुणा. शिगम्याला येतो म्हणालात, या. तुमी फळीला हात लावला की पोरगी सुटंल. भांडायचं आसंल तर मागनं भांडू, लई भांडू, पण या.

केशर


२४ मार्च १९९२

शिगमा झाला. भिकाजी एकटाच आला. माझ्याकडं बघंना, तवाच कळलं.

काय लिहू? तुमाला शिव्या द्यायला बसले व्हते, पण शिव्या द्यायला पण माणूस म्होरं लागतं.

गुणाचं विठ्ठलशी ठरवलंय. पाडवा झाल्यावर साखरपुड्याचा विडा. मी व्हय म्हटलं न्हाई, नको पण म्हटलं न्हाई, त्यांनी व्हय धरलं. दोन दिसांनी गुणाचं बेळगावचं बोलावणं आलं. निवड झाली, मे म्हयन्यात हजर व्हायचं. पोर ते वाचून हसली न्हाई, रडली न्हाई, तांदूळ निवडत बसली. मग खाली मान घालून म्हणाली, "आई, मी ऱ्हाते. तू एकटी किती दिवस करणार?"

तुमी पळालात, त्याचा मला राग हाय. पण ही पोर स्वोताच्या पायानं दावणीला येऊन हुबी ऱ्हायली, तवा मी भ्याले. माझी तर सवय झालीय. तिची पण व्हईल, हेच भ्या.

काल दुपारी भाकऱ्या टाकल्या आन् कुणाला न सांगता वर खिंडीपतोर चालत गेले. तितनं घाटातल्या गाडीची शिट्टी ऐकू येते. म्हटलं, आज आशीच उतरते, कॅसलरॉकला जाते, जी गाडी येईल तिच्यात बसते. वाड्यात दिवे न्हाई लागले तर न लागोत. बसले तितं. शिट्टी ऐकली पण. आन् मग ऊन कलायला लागलं. इंदुबाईचं पोर आठवलं, त्याला ताप हाय. बुदवंताची सून आठवली, दिव्याखाली शिवणाची मशीन चालवते. माझे पाय आपोआप मागं फिरले. मी फिरवले न्हाईत.

तवा तुमी कसे पळालात ते मला कळंना. आन् का पळालात ते लखलखीत कळलं. फळीपायी तुमी भयणीच्या मयताला गेला न्हाईत, तिच्या दिवसाला गेला न्हाईत. रात्री कुशीवर वळून म्हणायचा, "बैल पण नांगरटीनंतर सुटतो." मी म्हणायची, झोपा गप. आता मला कोण गप म्हणत न्हाई, एवढाच फरक.

येऊ नका. आता नकोच. तुमी आलात तर तुमी अडकणार, पुन्यांदा पळणार. त्यात आमचं काय भलं?

केशर


१२ एप्रिल १९९२

गुणाच्या बाबांना,

बसून वाचा. हातातलं काम ठेवा.

काल विडा व्हता. सगळा वाडा मांडावर जमला. सांज झाली तशी बुदवंत म्हणाला, जावयाला आजच पाणी दाखवू, सगळे चला. केशर फळी उचलंल आन् विठ्ठलच्या हातात देईल. उद्यापासनं तो. ढोल घेतला, नारळ घेतला, सगळे वर. बायका, पोरं, म्हाताऱ्या सुदीक. मी म्होरं. पदराखाली माझा वाकडा हात.

फळीपाशी गेले. ढोल थांबला. बुदवंत म्हणाला, "उचल."

मी वाकले. खरं सांगते, उचलून बघितली मी. वाटलं, एक डाव जमलं तर जमलं, गप ऱ्हाऊ. ती काय हालली न्हाई. सगळे बघतायत. विठ्ठल बिचारा म्होरं झाला, "काकी, मी धरू?"

आन् मी गुणाकडं बघितलं. हिरवं लुगडं नेसलेली, हातात विडा धरलेला, आन् नजर पाण्यात. एवढी शाणी पोर. जशी मी व्हते तुमच्या घरात आले तवा.

माझ्या तोंडातनं हाकच निघाली. "बायजाक्काऽ! ये गं!"

ती जांभळीमागं म्हशी घेऊन थांबलेली, गर्दी बघून बुजलेली. मान हालवून नको म्हणत व्हती. मी म्हटलं, "ये. रोजच्यासारखी ये." आली. अंगाला शेणाचा वास, पदर फाटका, ज्याची पट्टी माझ्या हाताला व्हती तो. सगळ्यांच्या मधनं आली आन् फळी उचलली.

पाणी पायपात गेलं. खाली दिवे लागले.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत न्हाई. पदर सारून हात दाखवला. म्हटलं, "पौषापासनं ही उचलतेय. इंदुबाई, तुझं पोर हिच्या हातच्या उजेडात जन्मलं. बुदवंत, तुमच्या सुनेनं पाडव्याचे कपडे हिच्या उजेडात शिवले. व्हाळ आटला का? सुपारी गळली का? सांगा की!"

बुदवंताचा चेहरा मी कवा तसा बघितला नव्हता. रागावला म्हणावं तर रागावला न्हाई. पोरका झाल्यागत दिसला. म्हणाला, "पाणी बाटलं. देवाचा कौल घेईपतोर दिवे बंद. ज्यानं त्यानं आपल्या घरी जाऊन बटन बंद करायचं." आन् बायजाकडं बघून, "तुझ्या म्हशी उद्यापासनं व्हाळावर नकोत."

सगळे उतरले. मी आन् गुणा पण. मी घरात गेले, बटनापाशी हुबी ऱ्हायले. म्हटलं, दुसऱ्याचा बंद झाला की मी करते. बाहेर अंगणात येऊन बघितलं. इंदुबाईचा चालू. ती दारात हुबी राहून माझ्याकडं बघत व्हती, माझा बंद व्हतोय का म्हणून. भिकाजीच्या आईचा चालू. पलीकडं दोघी जावा कुडाआडनं माना काढून बघतायत. समद्या वाड्यात माणसं आपापल्या अंगणात, एकमेकांच्या घराकडं डोळे लावून, आन् एकाचा पण हात बटनाला जाईना. कोण म्हणालं न्हाई की आमी ऐकत न्हाई. सगळे नुसते वाट बघत व्हते, दुसऱ्यानं आधी अंधार करावा म्हणून.

बुदवंताच्या घराचा दिवा बघायला पोरं पळाली. आली हसत. मशीन चाललंय, म्हणाली.

गुणा कधी न्हाई ते खो खो हसायला लागली. मला पण हसू आवरंना. दोघी मायलेकी अंगणात बसून हसलो, मग रडलो. अंगावर उजेड पडला व्हता.

केशर


२ मे १९९२

गुणाच्या बाबांना,

हे भिकाजीच्या हाती आजच देते.

बुदवंतानं देवळात कौल लावला. उजवी कळी पडली, म्हंजे देवाचा होकार. आता ती आपसूक पडली का पुजाऱ्यानं फुंकर मारली ते मी बघितलं न्हाई, पण त्याच्या घरी पण सून हाय. बुदवंत सगळ्यांम्होरं म्हणाला, "कार्तिकातला पहिला धोंडा त्याच घराचा. बाकी वर्साची फळी देवानं मोकळी केली." मी मनात म्हटलं, आधी तसंच तर व्हतं. पण तोंडानं बोलले न्हाई. देवानं म्हाताऱ्याला वाट काढून दिली, मी कशाला अडवू? जाताना माझ्यापाशी थांबला, म्हणाला, "हात दवाखान्यात दाखवून ये." त्याला त्याहून जास्त म्हणता आलं नसतं.

विडा मोडला. विठ्ठल वाईट वाटून घेईल म्हणून मी भ्याले व्हते, तर पोरगा रस्त्यात गाठून म्हणतो, "काकी, बरं झालं बघा. मला रामनगरला गॅरेजात जायचं व्हतं." दोन्ही घरच्या पोरांना नको व्हतं आन् आमी मोठी माणसं ढोल वाजवत निघालो व्हतो.

बायजाच्या म्हशी व्हाळावरच हायत. तिच्या झोपडीपतोर वायर न्यायला वाड्यातल्या पोरांनी खांब पुरलेत. वासू इंजिनेराला बोलावून आणलं. तिचा बल्ब लागल्याबिगर पाळ्या सुरू करायच्या न्हाईत, ही माझी अट व्हती, आन् लागला परवा. म्हातारी घरात बसंना, बाहेर राहून खिडकीतनं आत बघत व्हती. "माझी झोपडी लई घाण हाय गं," म्हणाली, "कवा दिसलंच न्हवतं."

आज गुणाला घेऊन बेळगावला निघालेय. कॅसलरॉकला गाडी धरायची, लोंढ्याला बदलायची. पोरीला पोचवायची, हात दाखवायचा. परत येईन का, कवा येईन, ते मला ठाऊक न्हाई. इतकी वर्सं हे दुसऱ्यांनी ठरवलं, आता चार दिस ते न ठरवता ऱ्हायचंय. ऊन कलल्यावर पाय मागं फिरतात का, ते गाडीत कळंल.

आता कामाचं. फळीच्या पाळ्या केल्यात, घराघराला एक वार. बायजाक्काला पण एक. गुरुवार आपल्या घराचा आलाय. माझा हात वाकडा, पोरगी चालली. आपल्या घरात हात उरला तो तुमचाच.

फळी डाव्या अंगानं उचला. उजवीकडं शेवाळ हाय, मी तितंच पडले. उचलायच्या आधी खालचा गाळ काठीनं काढा, न्हाईतर पायपात जातो आन् दिवे मिणमिणतात. दाराला कडी घातलेली न्हाई, नुसतं ओढलंय. न्हाई आलात तरी दिवे लागतील. तुमच्यावाचून, माझ्यावाचून लागतात, हे सगळ्या वाड्याला ठाऊक झालंय. तवा आता भिऊन पळायचं काय कारण ऱ्हायलं न्हाई.

गुरुवारी सांज व्हायच्या आत या.

केशर